‘राखण’ नावाची कॅसेट

माझ्या दुकानात लोक कॅसेट घेऊन येतात आणि पेनड्राइव्ह घेऊन जातात. कुणाच्या लग्नातल्या मंगलाष्टका असतात, कुणाच्या वडिलांचं भजन, कुणाच्या बारशातला पाळणा. बाकी पोट झेरॉक्सवर आणि ऑनलाइन फॉर्मांवर चालतं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी, एका मुलीने काउंटरवर पेनड्राइव्ह ठेवला आणि म्हणाली, “ताई, ह्याच्या तीस कॅसेट करून पाहिजेत,” तेव्हा ती उलटं बोलून गेली असं मला वाटलं.

“कॅसेटचं पेनड्राइव्हवर घ्यायचंय ना?”

“न्हाई. पेनड्राइव्हचं कॅसेटवर.”

ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. केस घट्ट बांधलेले, पाठीवर सॅक, बोलणं इतकं हळू की मला काउंटरवर वाकून ऐकावं लागलं. लातूरला एका तपासणी केंद्रात टेक्निशियन आहे म्हणाली. रक्त काढायचं, तपासायचं, एक्स-रे काढायचे. मूळ गाव निलंग्याजवळचं. सकाळच्या एसटीने निघून अहमदपूर, लोहा करत फक्त ह्या कामासाठी नांदेडला आली होती. लातुरात तिने चार दुकानांत विचारलं होतं. तिघे हसले, चौथ्याने माझं दुकान सांगितलं.

दुकान माझ्या वडिलांचं. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. त्यांच्या काळात तिथे रेकॉर्डिंग सेंटर होतं. जयंतीच्या आधी दोन महिने आमच्याकडे गायनपार्ट्यांची रांग लागायची. मागच्या खोलीत गोधड्या टांगून भीमगीतं रेकॉर्ड व्हायची आणि पुढच्या खोलीत दोन डेकवर त्यांच्या कॉप्या निघायच्या. आण्णा गेले, गायक मोबाईलवर गेले, पण ते डेक मी विकले नाहीत. कोऱ्या कॅसेटचा एक खोकाही माळ्यावर तसाच होता. मी तिला म्हणलं, “होतील तीस. गाणी कुणाची हायत?”

“त्याला गाणी म्हणता येणार न्हाईत,” ती म्हणाली आणि सॅकमधून कव्हरचा कागद काढला. पूर्ण काळा कागद, मधोमध पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा, जमिनीतून उपटलेल्या झाडाच्या मुळ्यांसारख्या. मला वाटलं टोनर सांडलाय.

“हे नव्यानं झेरॉक्स करून देऊ का? खराब आलंय.”

“ते नाव हाय, ताई.”

“वाचता येत न्हाई की.”

“वाचता येऊ नये असंच काढतेत ह्या प्रकारात.” मग तिला माझी दया आली असावी. तिने कागदाची कड दाखवली. तिथे बारीक अक्षरात ‘राखण’ लिहिलं होतं. करणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

प्रकार कोणता, हे तिने सांगितलं तेव्हा मी ते पावतीच्या मागे लिहून ठेवलं: ब्लॅक मेटल. सगळं एकाच माणसाने केलेलं, पहिली कॅसेट, नमुन्यादाखल. ती पुढच्या रविवारी येते म्हणाली आणि साडेतीनच्या गाडीसाठी निघून गेली.

मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक कमी होतं म्हणून मी पेनड्राइव्ह लावला. सुरुवातीला नुसती खरखर. मी वाट पाहिली. खरखर चालूच राहिली, तिच्यात खालून एक घूं घूं असा आवाज यायला लागला, पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तसा. मग एकदम गिटार. गिटार म्हणून मी ओळखलं ते नंतर; पहिल्यांदा वाटलं पत्र्यावर गारा पडून राहिल्यात. आणि त्या सगळ्यावरून एक किंकाळी. शब्द नाहीत, सूर नाही. लांबलचक, चिरत जाणारी, आणि शेवटाला वर उचललेली.

रेशन कार्डाची झेरॉक्स घ्यायला आलेले एक काका दचकून मागे सरले. “बाई, तुमचं मशीन अडकलं वाटतं.”

मलाही तसंच वाटलं. मी वायर बदलली, स्पीकर बदलला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. तरी तेच. मशीन ठीक होतं. हे असंच केलेलं होतं.

मी त्या आठवड्यात ते किती वेळा ऐकलं, सांगितलं तर कुणाला पटणार नाही. आवडलं म्हणून नाही. मला कळेना, आणि न कळणारी गोष्ट मला दुकानात ठेवून घरी जाता येत नाही. एका बाजूला तीन तुकडे, दुसऱ्या बाजूला तीन. ढोल-तबला काही नाही. त्याच्या जागी धप्प, धप्प असं काहीतरी, मधूनच चुकणारं. आणि तो आवाज. कुणीतरी पंचवीस वर्षांचा पोरगा असणार, मी मनात ठरवून टाकलं. ही मुलगी बहुतेक त्याच्यासाठी फेऱ्या मारून राहिली. भाऊ असेल, नाहीतर होणारा नवरा.

पण आण्णांनी शिकवलेलं एक होतं: टेपवर गाणाऱ्याशिवाय दुसरं काही ऐकू आलं, तर ती चूक गाणाऱ्याची नाही, आपली. बिचाऱ्याकडे चांगला माइक नसेल, म्हणून खरखर आलीय, असं मी धरलं. आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. जुन्या भजनांवर मी ते रोज वापरते. शुक्रवारी दोन तास बसून मी सहाही तुकड्यांमधली खरखर पुसून काढली. किंकाळी कशी स्वच्छ, मोकळी ऐकू यायला लागली. मी खुश होऊन पाच कॅसेट काढूनही ठेवल्या.

रविवारी ती आली. मी तिला हेडफोन दिला आणि चहा सांगितला. तिने डोळे मिटून ऐकायला सुरुवात केली. अर्ध्या मिनिटात डोळे उघडले. पुढे आणखी थोडं ऐकलं. मग हेडफोन काढून काउंटरवर हळूच ठेवला.

“ताई, वारं कुठं गेलं?”

“कसलं वारं?”

“पाठीमागं वारं होतं. ज्वारीतलं.”

मी काय केलं होतं ते माझ्या ध्यानात आलं. जी मला खरखर वाटली, ती तिने मुद्दाम शेतात उभं राहून मोबाईलवर घेतली होती. ज्वारीची वाळत आलेली पानं एकमेकांवर घासतात, तो आवाज. पंधरा-पंधरा मिनिटं उभं राहून घेतलेला. मी माझा शहाणपणा वापरून तिचं अख्खं शेत पुसलं होतं.  वीस वर्षांत खरखर सोडून मी कुणाचं काही पुसलं नव्हतं.

“मूळ फाइल हाय ना माझ्याकडं,” तीच मला धीर देत म्हणाली. “तुमची काय चूक न्हाई. कुणालाबी तसंच वाटंल.”

“मला विचारायला पाहिजे होतं,” मी म्हणाले. “आता विचारते. ते घूं घूं कशाचं हाय?”

“आमच्याकडं रक्ताच्या नळ्या फिरवायचं मशीन असतंय. ते.”

“आन धप्प धप्प?”

“कणसं बडवायचा दांडका. गोणपाटावर.”

“आन ते ओरडणारे कोण?”

तिने खाली बघितलं. “मीच.”

 जिचं बोलणं ऐकायला मला वाकावं लागत होतं, तिच्या गळ्यातून ते निघालं होतं? मी म्हणाले, “इथं एकदा करून दाखवा की.”

“इथं न्हाई. लोक गोळा होतील.”

“मग रेकॉर्ड कुठं केलं?”

“एक्स-रेच्या खोलीत. दाराला आतून शिसं असतंय ना, आवाज बाहेर जात न्हाई. रविवारी दुपारनंतर केंद्र बंद असतंय.”

“डॉक्टरांना ठाऊक हाय?”

“रियाज करते म्हणून सांगितलंय. त्यांनी कौतुक केलं, पोरीला गाण्याचा नाद हाय म्हणून.”

“कधी ऐकलं नाही त्यांनी?”

“दाराला शिसं हाय, ताई,” ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

चहा आला. चहाबरोबर तिने बरंच सांगितलं, आणि ते ऐकल्यावर ती कॅसेट माझ्यासाठी वेगळीच झाली.

तिच्या लहानपणी त्यांच्या शिवारात सगळीकडे ज्वारी असायची. कणसात दाणा भरायला लागला की पाखरं येत. मग प्रत्येक शेतात चार खांबांवर एक माळा उभा राही आणि त्या माळ्यावर कुणीतरी चढून दिवस उगवल्यापासून पाखरं राखायची. गोफण चालवायची आणि ओरडायचं. तिच्या घरी हे काम तिच्याकडे होतं. सात वर्षांची असल्यापासून शाळेच्या आधी दोन तास आणि शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत. एका माळ्यावरून आरोळी गेली की दुसऱ्यावरून उठायची, मग तिसऱ्यावरून. आवाजावरून कोण कुठल्या शेतात आहे ते कळायचं. “तेव्हा सगळं शिवार ओरडायचं, ताई. आन कुणी कुणाला येडं म्हणत नव्हतं.”

पुढे सगळ्यांनी सोयाबीन लावलं. सोयाबीनला राखण लागत नाही. माळे मोडले. ती अकरावीला लातूरला आली, हॉस्टेलवर राहिली. तिथे जरा मोठ्याने बोललं की वॉर्डनबाई दारात. तिचा आवाज बारीक होत होत आता आहे तेवढा झाला. नोकरी लागल्यावर एकदा मैत्रिणींनी चेष्टा म्हणून मोबाईलवर एक गाणं लावलं. कुठल्या तरी थंड देशातले, तोंडाला पांढरं-काळं फासलेले लोक किंचाळून राहिले होते. बाकीच्या पोरी पोट धरून हसल्या. ही हसली नाही.

“मला वाटलं, हे तर पाखरं राखून राहिलेत,” ती म्हणाली. “तसंच. पोटातनं काढून, शेवटाला वर उचलून. मी रातभर विचार करत बसले, ह्यांच्याकडं कोणती पाखरं असतील.”

मग तिने शोधलं. त्या लोकांची गाणी बर्फावर, जंगलावर, काळोखावर असतात. पुष्कळ जण एकटेच करतात सगळं, नावही सांगत नाहीत. तिने जुनी गिटार घेतली, दोन तारा कमी असलेली. त्या दोन तारा तिने लावल्याच नाहीत. “आपल्याकडं बर्फ कुठाय? मी काळी जमीन घेतली.”

“पण कॅसेट कशाला? मोबाईलवर टाकली असती तर जगानं ऐकली असती.”

“मोबाईलवर लोक धा सेकंद ऐकतेत आन बोट फिरवतेत. कॅसेट पुढं ढकलायची म्हणलं तरी कष्ट पडतात. जो ऐकंल तो बसून ऐकंल. आन ह्या प्रकारातली माणसं अजून कॅसेटच मागतात एकमेकांना, पोस्टानं.”

मला सगळ्यात मोठी उत्सुकता राहिली ती एकच: खरी राखण ऐकायला कशी लागते? मी नांदेडात वाढलेली, शेती आमच्या घरात कधी नव्हती. मी विचारलं, “आता कुणी ओरडतं का तिकडं?”

“माझी चुलती. एक एकर ज्वारी लावते अजून, घरी खाण्यापुरती. शिकवलं पण तिनंच मला. येता का? जानेवारीत या, हुरडा बी होईल.”

अशी आमंत्रणं लोक तोंडदेखली देतात. पण मी खरंच गेले. जानेवारीतल्या एका शनिवारी दुकान बंद करून मी लातूरला पोचले, तिथे ती स्टँडवर उभी होती, आणि निलंग्याच्या गाडीने आम्ही तिच्या गावी गेलो. सॅकमध्ये मी माझा सेलवर चालणारा छोटा कॅसेट प्लेअर घेतला होता, आणि वाऱ्यासकट भरलेली एक कॅसेट; बाकीच्या घरी ऐकवून झाल्यावर काढायच्या ठरल्या होत्या. तिच्या चुलतीने ती अजून ऐकली नव्हती. घरात कुणीच ऐकली नव्हती.

“काकूला काय सांगितलंय?” मी गाडीत विचारलं.

“काहीच न्हाई. नांदेडच्या ताई येऊन राहिल्यात, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवस वर यायच्या सुमाराला आम्ही शेतात गेलो. दोन्हीकडे सोयाबीन काढून मोकळी पडलेली रानं, मधे मधे हरभरा, आणि त्यात ते एक एकर हिरवं-पिवळं, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं. माळ्यावर काकू उभ्या होत्या. पातळावर पुरुषी फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. वय पंचावन्नच्या पुढे. आम्हाला पाहून त्या सरसर खाली उतरल्या.

“बघा बाई,” त्या मला म्हणाल्या, “कुणी ज्वारी लावीना, म्हणून सगळ्या शिवाराची पाखरं माझ्याच डोस्क्यावर. पहिले वाटून तरी जायची.”

त्यांनी आगटी पेटवली, कणसं भाजायला ठेवली. मग माझं गाव विचारलं, दुकान विचारलं, आणि आडनाव विचारलं. हा प्रश्न कशासाठी असतो ते मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून मी नेहमी ते स्पष्ट आणि पूर्ण सांगते. काकूंनी एक कणीस फिरवलं, दुसरं फिरवलं. “जयंतीला आमच्या गावात तुमच्या लोकांची गाणी लागतात,” त्या म्हणाल्या. “तुमच्याच दुकानातली असतील त्यातली काही. लई दणक्यात असतात.” आणि गरम हुरडा हातावर चोळून, फुंकून, पहिली मूठ माझ्या ओंजळीत दिली. मी ती खाल्ली. पुढचं बोलणं मग हुरड्याबद्दल झालं.

हुरडा खाऊन झाल्यावर मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिला स्वतःला लावायचा धीर होत नव्हता. मी प्लेअर काढून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठेवला. “काकू, हे जरा ऐका. तुमच्या पुतणीनं केलंय.”

त्यांनी तोंड वळवून ऐकायला सुरुवात केली. आमच्याकडे बघत नव्हत्या, ज्वारीकडे बघत होत्या. वारं आलं तेव्हा त्यांनी मान वर केली, बहुतेक खरं कोणतं आणि टेपमधलं कोणतं ते पाहायला. गिटार आली तेव्हा कपाळाला आठी पडली. किंकाळी आली आणि आठी गेली. त्या पुतणीकडे वळल्या.

“तू हायस?”

“हाव.”

काकू आणखी ऐकत राहिल्या. अख्खी एक बाजू झाली. खट्ट करून बटण वर आलं. मुलीने पायाच्या अंगठ्याने माती उकरत विचारलं, “कसं हाय?”

“आवाज लागलाय,” काकू म्हणाल्या. “पण पाखरं उठायची न्हाईत एवढ्यानं. श्वास मधेच तोडून राहिलीस. गळ्यातनं काढायलीस. असं केलं तर चार दिवसात गळा बसतो. बसला ना?”

“बसला होता,” ती म्हणाली. “दोनदा.”

“मग? काय शिकवलं होतं मी?”

मला वाटलं होतं, काकू घाबरतील, चिडतील, नाहीतर ‘पोरीच्या जातीला हे शोभतं का’ म्हणतील. त्यांनी जे केलं ते आण्णा करायचे तेच होतं. आलेलं काम कानाने तपासलं आणि चूक सांगितली.

तेवढ्यात भोरड्या आल्या. मी पहिल्यांदाच पाहिल्या; गुलाबी पोटाच्या, काळ्या डोक्याच्या, शेकड्यांनी. एक मोठं फडकं हवेत झटकावं तसा थवा वळला आणि ज्वारीच्या पलीकडच्या टोकावर उतरायला लागला. काकू माळ्यावर चढल्या नाहीत, तेवढा वेळच नव्हता. जागेवरच पाय रोवले, एक हात पोटावर ठेवला आणि आवाज सोडला.

तो कसा होता ते लिहून दाखवणं मला जमणार नाही. मोठा होता म्हणून नाही. लाउडस्पीकर त्याहून मोठे असतात. तो सुरू झाला तेव्हा जमिनीलगत होता, मग पसरला, आणि जिथे संपेल असं वाटलं तिथे वर उचलला गेला आणि वरच राहिला. माझ्या दातांत झिणझिण्या आल्या. अख्खा थवा एका क्षणात उठला.

“रेकॉर्ड केलंस का?” मी मुलीला विचारलं.

“न्हाई.” मोबाईल तिच्या हातात होता. तिचा अंगठा बटणावरच राहिला होता.

“आता बघा तुम्ही,” काकू मला म्हणाल्या. मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझा हात धरून मला माळ्यावर चढवलं. मी पन्नाशीला आलेली बाई, साडी सावरत त्या हलत्या फळ्यांवर उभी राहिले आणि ओरडले. काय निघालं देव जाणे. खालून दोघी हसल्या. काकू म्हणाल्या, “हाक मारून राहिल्यात तुम्ही, कुणालातरी बोलवायला. पाखराला बोलवायचं न्हाई. घालवायचंय.” मी परत केलं. चौथ्या वेळेला पोटातून काहीतरी वेगळं आलं, आणि बांधावरच्या बाभळीवरून दोन चिमण्या उडाल्या. त्या माझ्यामुळेच उडाल्या असं मी आजही धरून चालते.

नंतर मुलीने काकूंचा आवाज व्यवस्थित रेकॉर्ड केला, तीन-चार वेळा. परतीच्या गाडीत मी तिला म्हणाले, “हा टाक कॅसेटमध्ये. शेवटाला. सगळ्यांच्या वर जाईल.” 

“नको,” ती म्हणाली. “हे एकटीचं हाय, ताई. तिचा टाकला तर लोक तोच ऐकतील. आन मग मी कशाला राहिले त्यात?”

मला तेव्हा ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. एवढा आवाज मोबाईलमध्ये पडून राहावा, हे रेकॉर्डिंगवाल्याच्या घरातल्या माणसाला सोसत नाही. पण कॅसेट तिची होती, आणि एकदा मी माझ्या मनाने तिचं शेत पुसून बसले होते. 

तिने मात्र काकूंनी सांगितलेली चूक मनावर घेतली. पुढचे तीन रविवार ती एक्स-रेच्या खोलीत परत उभी राहिली आणि सहाही तुकड्यांमधला आवाज नव्याने घेतला. महाशिवरात्रीच्या आसपास नवा पेनड्राइव्ह घेऊन आली. ह्या वेळेला मी काही न पुसता, आधी सगळं ऐकून, एक-एक विचारून, तीस कॅसेट काढल्या. श्वास आता तुटत नव्हता. एका ठिकाणी, दुसऱ्या बाजूच्या मधल्या तुकड्यात, आवाज शेवटाला उचलला जातो आणि वर राहतो. तिथे मी दर वेळी कॅसेट मागे घेऊन ऐकायचे, आणि त्या नादात एक कॉपी अर्धवट थांबली, ती परत करावी लागली.

कॅसेट पुण्याला गेल्या, कोलकात्याला, शिलाँगला. सात-आठ बाहेरच्या देशांत गेल्या. पोस्टातल्या माणसाने पाकिटावर ‘आतील वस्तू’ समोर काय लिहायचं विचारलं तेव्हा मी ‘गाणी’ सांगितलं. तिने दुरुस्त करून ‘ध्वनिफीत’ लिहायला लावलं. नंतर तिला आलेली पत्रं ती मला फोनवर वाचून दाखवायची. फिनलंडच्या एका माणसाने विचारलं, वाऱ्याचा आवाज कुठल्या उपकरणावर काढला? तिने उत्तर दिलं, ज्वारी. त्याने उलट विचारलं, ही कंपनी कुठली? दुसऱ्या एकाने कळवलं की हे खरं ब्लॅक मेटल नाही, ह्यात राग नाही. मला ते ऐकून वाईट वाटलं. ती म्हणाली, “बरोबर हाय त्याचं. रागानं ओरडलं तर गळा बसतो.”

तिने मला एक कॅसेट दिली आणि एक काकूंना. काकूंकडे वाजवायला काही नव्हतं, म्हणून मी माझा तो छोटा प्लेअर लातूरच्या गाडीने जाणाऱ्या ओळखीच्या बाईबरोबर पाठवून दिला. परत मागायचा विचार नव्हता.

यंदाच्या जानेवारीत काकूंचा फोन आला. त्यांनी पुन्हा ज्वारी लावली होती, आणि त्यांचा गुडघा धरला होता. माळ्यावर चढणं होत नव्हतं. म्हणून त्यांनी प्लेअर माळ्याच्या खांबाला, हाताला येईल असा, बांधून ठेवला होता आणि सकाळी कॅसेट लावून देत होत्या.

“उठतात का पाखरं?” मी विचारलं.

“पहिल्या दिशी सगळी उठली. दुसऱ्या दिशी अर्धी. आता प्लेअरवरच येऊन बसतात की ओ. लई हुशार असतेत. दुसरी पाठवा म्हणावं तिला, नवी.”

मी लगेच मुलीला फोन लावला. ती आता जिल्हा बदलून दुसऱ्या ठिकाणी नोकरीला आहे. आवाज फोनवर जरा मोठा झालाय, की मला तसं वाटतं. हसेल म्हणून मी सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही. तिने विचारलं, “पहिल्या दिशी उठली ती कोणत्या तुकड्याला?”

हे मी विचारलंच नव्हतं. मी काकूंना परत फोन केला.

“आता तुकडा बिकडा मला काय कळतंय,” काकू म्हणाल्या. “बटण दाबते आन मी च्या करायला जाते. उद्या उठून बघते थांबा, अजून कशाला हलतात ते. वही घेऊन बसू का?”

“बसा,” मी म्हणाले.